ओळख दाखवायची नाही

१२ जानेवारी

ताई,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे, तर सांगायची भीती वाटते. बोलून दाखवलं की फिसकटतं असं मला उगाच वाटत राहतं. फोनवर तू "लवकर आटप, मला वर्गावर जायचंय" म्हणतेस आणि माझं सगळं घशातच राहतं, म्हणून लिहितो.

कागदोपत्री मी शाळेत सामानाच्या खोलीचा मदतनीस आहे, हे तुला माहीत आहे. नकाशे, चेंडू, खडू, मोडकी बाकं. तिसरीच्या बाई बाळंतपणाला गेल्या त्या परत आल्याच नाहीत, तेव्हा मोठ्या बाई मला म्हणाल्या, "चार दिवस मुलांवर जरा लक्ष ठेव." त्या चार दिवसांची तीन वर्षं झाली. मुलं पाचवीत गेली. वरच्या वर्गांनाही शिक्षक मिळेना, म्हणून मीही त्यांच्याबरोबर वर चढत गेलो. पगार अजून चेंडूंचाच आहे.

बातमी अशी. आमच्याकडे शिक्षक व्हायला आधी प्रमाणपत्र, मग लेखी परीक्षा, मग यादी. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा मी अध्यापन महाविद्यालय पहिल्याच वर्षी सोडलं, त्यामुळे माझं गाडं पहिल्या पायरीलाच अडलेलं. पण यंदा खात्याने एकदाच सवलत दिली आहे. ज्यांनी तीन वर्षं वर्ग सांभाळला त्यांनाही पाठ घेण्यासाठी बोलावणार. तिघांची समिती आमच्याच शाळेत येणार, माझाच वर्ग पाठासाठी देणार, आणि एका जागेसाठी सहा उमेदवार एकामागोमाग त्याच मुलांना शिकवणार. मोठ्या बाई म्हणतात, ती जागा तुझीच समज. पण त्या दर वर्षी छप्पर गळणार नाही असंही म्हणतात.

पुढच्या वर्षी ही सवलत नाही. म्हणजे हे चुकलं तर मी जन्मभर चेंडूंत हवा भरणार.

तू यातून गेली आहेस. तुमच्याकडे निवड कशी करतात? मागे बसलेले लोक नेमकं काय बघतात? बारीकसारीकही लिही, मला उपयोग होईल.

तुझा धाकटा


२ फेब्रुवारी

मास्तर,

लहानपणी तुला चिडवायला मास्तर म्हणू लागले होते, आता खरंच होणार म्हणायचं. मावशीला सांग, तिच्या लेकाची पाटी भिंतीवर लागली की मी पेढे मागणार नाही, फक्त तिने मला "आमची परदेशातली मास्तरीण" म्हणून शेजारणींना दाखवायचं थांबवावं. तुझी पाळी.

आता तुझा प्रश्न. इथे यादीबिदी काही नाही. ज्या शाळेला माणूस हवा ती शाळा आपला माणूस आपण शोधते. मुख्याध्यापक भाजी घ्यावी तसं दाबून बघतो. आधी तासभर गप्पा, त्यात तू रागावलास की काय करतोस हे घोळवून घोळवून विचारतात. मग अनोळखी वर्गात उभं करतात आणि मागे तीन-चार जण वही न उघडता बसतात. बघतात काय, तर मुलं तुझ्याकडे बघतात की नाही. शेवटी तू बाहेर गेलास की मुलांनाच विचारतात, "कसे वाटले?"

माझ्या खोलीत राहते ती बाई तिसऱ्याच देशाची. तिच्याकडे सगळ्या देशाची मिळून एकच परीक्षा. पहिला येईल त्याला राजधानीतली शाळा, शेवटचा येईल त्याला बेटावरची. ती म्हणते, आमच्याकडे एका मुलाचंही तोंड न बघता शिक्षक होता येतं, आणि तोंड बघितल्यावर पुष्कळांना पश्चात्ताप होतो. तिच्या आजीच्या वेळी गावकरीच ठरवायचे म्हणे. ज्याचा आवाज नदीपलीकडे जातो तो मास्तर.

एक मात्र सांभाळ. इथे एका बाईची निवड जवळजवळ झाली होती. पाठ रंगात आलेला, आणि पुढच्या बाकावरच्या मुलीने तिला नावाने हाक मारली. आधीची ओळख निघाली. पाठ तिथल्या तिथे थांबवला, बाईला घरी पाठवलं. ओळखीचा वास आला की हे लोक कुणाचं ऐकत नाहीत.

बाकी माझं छान चाललं आहे. मावशीला तसंच सांग.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आलं आणि मला झोप लागेना. तू शेवटी लिहिलंस ते जर अनोळखी वर्गातल्या एका मुलीमुळे होत असेल, तर माझा तर अख्खा वर्गच ओळखीचा. मी दारात पाऊल टाकलं की ही मुलं नुसती हाक मारत नाहीत, अंगावर येतात. एक मुलगा आहे, त्याला आम्ही घड्याळ्या म्हणतो, तो दर तासाला मला "सर, किती वाजले?" विचारतो. समितीपुढे त्याने तेवढं विचारलं तरी माझं संपलं.

मोठ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अरे त्यांना माहीत असतं सगळं, तू कशाला डोकं शिणवतोस?" पण छपराचं तुला लिहिलंच आहे.

शेवटी मी मुलांनाच विश्वासात घेतलं. म्हटलं, पाहुणे येतील त्या दिवशी मला ओळखता असं दाखवायचं नाही.

"म्हणजे कसं?" चिमणी म्हणाली. ही वर्गातली सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत आगाऊ.

"म्हणजे मी पहिल्यांदाच आलोय असं समजायचं."

"मग तुमचं नाव विचारू?"

"काही विचारायचं नाही. माझ्याकडे बघून हसायचं नाही, पुढे पुढे करायचं नाही."

"आणि दुसरे सर आले तर?"

"त्यांच्याशी नेहमीसारखं. त्यांनी विचारलं की हात वर करायचे. पाहुण्यांना तोंडघशी पाडायचं नसतं."

मग आम्ही तालीमही केली. मी बाहेर जाऊन परक्यासारखा आत आलो. पहिल्या दिवशी मुलं हसून हसून बाकांखाली गेली. दुसऱ्या दिवशी थोडी कमी हसली. काल मी आत आलो तर एकाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मला जरा कसंतरीच झालं, पण शिस्त चांगली बसली आहे.

तुझं काय मत?

तुझा धाकटा


८ मार्च

मास्तर,

घाईत आहे, चार ओळीच लिहिते. तुझी तालीम वाचून खूप हसले, आणि मग हसू थांबलं. एवढं करायची गरज आहे का, असं लिहिणार होते. पण तिथली हवा तुला जास्त कळते. आणि मी इतक्या लांबून काय सांगू.

पाठ झाला की लगेच कळव. शर्ट कुठला घालणार आहेस? तो निळा घालू नकोस, त्यात तू कारकून दिसतोस.

ताई


२७ मार्च

ताई,

पाठ झाला. झाला तसा लिहितो, म्हणजे पुन्हा सांगावं लागणार नाही.

माझी चिठ्ठी शेवटची निघाली. आधीचे पाच जण आत गेले तेव्हा मी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसून होतो. दार लोटलेलं होतं, पण ऐकू सगळं येत होतं. मुलं काय बोलत होती म्हणून सांगू. एक तरुण बाई होत्या, प्रमाणपत्र नुकतंच मिळालेलं, आवाज कापत होता. त्यांनी नदीबद्दल पहिला प्रश्न विचारला आणि आत बाकं वाजली, सगळे हात एकदम वर. घड्याळ्याने तर नदी उलटी का वाहत नाही असा उलट प्रश्न विचारला. असे प्रश्न विचारायला मीच त्यांना शिकवलं आहे. बाईंचा आवाज हळूहळू कापायचा थांबला. मला त्यांच्यासाठी बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग मी आत गेलो. मुलं उभी राहिली, एका सुरात नमस्कार म्हणाली, बसली. माझा विषय सावली. मी विचारलं, सकाळी सावली लांब का असते? कुणी हललं नाही. हे त्यांना दुसरीच्या मुलालाही समजावता येतं. आम्ही मैदानात काठ्या रोवून आठवडाभर मोजलं होतं. मी पुन्हा विचारलं. चिमणीला उत्तर येत होतं, मला दिसत होतं. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. घड्याळ्या खिडकीबाहेर बघत होता. सगळा वर्ग माझ्या खांद्यावरून फळ्याकडे बघत होता, जणू मी काचेचा आहे. प्रश्न मी विचारले, उत्तरंही मीच दिली.

समितीचे प्रमुख जाड चष्म्याचे गृहस्थ आहेत. पाठ संपल्यावर त्यांनी मुलांना बाहेर जायला सांगितलं आणि मला म्हणाले, "तुम्ही तीन वर्षं याच वर्गाबरोबर आहात ना?"

ताई, त्यांच्या समोरच्या कागदावर ते लिहिलेलंच होतं. सवलत असल्याच लोकांसाठी आहे, त्यांना माहीत नसेल कसं? मी हो म्हटलं.

"मग एकही मूल तुमच्याकडे बघायला तयार नाही, हे कसं?"

"मुलं आज जरा घाबरली असतील."

"आधीच्या पाच जणांना नाही घाबरली."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण मला वाटलं, मुलांना शिकवून ठेवलं होतं असं कबूल केलं तर तो मोठाच गुन्हा ठरेल. मी गप्प राहिलो. त्यांनी लिहिलेलं मला उलटं वाचता आलं. "विद्यार्थ्यांशी नाते नाही."

बाहेर आलो तर मुलं जिन्यापाशी वाट बघत थांबली होती. "सर, जमलं ना आम्हाला?" घड्याळ्या म्हणाला, "मी एकदासुद्धा बघितलं नाही तुमच्याकडे. किती वाजले तेपण नाही विचारलं." चिमणी म्हणाली, "माझे हात दुखले."

मी म्हटलं, "जमलं. फार छान जमलं."

जागा त्या नदीवाल्या बाईंना मिळाली. यादीत माझं नाव दुसरं आहे, कारण वर्गकामाच्या वर्षांचे गुण आधीच धरलेले होते. दुसऱ्या नावाचा उपयोग काय ते तुला ठाऊक आहे.

धाकटा


१५ एप्रिल

बाळा,

मास्तर लिहायला हात धजावला नाही.

ती बाई मीच होते. नावाने हाक मारणारी मुलगी म्हणजे मी आल्यावर ज्यांच्या घरी राहिले त्यांची धाकटी. आणि मी तुला अर्धंच लिहिलं. पाठाच्या आधी त्यांनी मला सरळ विचारलं होतं, "या वर्गात कुणी ओळखीचं आहे का?" ओळखीचं निघालं तर नापास करतील या भीतीने मी नाही म्हणाले. हाकेने बिघडलं नाही, त्या नाहीने बिघडलं. नंतर मुख्याध्यापकच म्हणाले, हो म्हणाला असतात तर आम्ही दुसरा वर्ग दिला असता, इतकंच.

मी शिक्षिका नाही. शाळेच्या बसवर असते. मुलांना चढवते, पट्टे लावते, उलटी झाली की पुसते. वर्गावर जायचंय म्हणते तेव्हा बस सुटत असते. मावशीने गावभर सांगून ठेवलं होतं, मग मागे फिरायला तोंडच राहिलं नाही.

तुझ्या तालमीचं वाचलं तेव्हाच हे लिहायला हवं होतं. लिहायला बसलेही होते. मग शर्टाबद्दल लिहिलं.

तू दाद माग. झालं ते सगळं खरं लिही. मुलांना बोलावून विचारा म्हणावं. मी गप्प बसले, तू बसू नकोस.

ताई


३० एप्रिल

ताई,

तू बसवर काम करतेस याचं मला काही वाटलं नाही. पट्टे नीट लावत असशील. वाटलं ते याचं, की मी तुला बारीकसारीकही लिही म्हटलं होतं आणि तू त्यातलं एकच वाक्य गाळलंस. नेमकं तेच मला हवं होतं.

शर्टाचं मात्र मी ऐकलं. पांढरा घातला.

अर्ज केला आहे. आईला, म्हणजे तुझ्या मावशीला, यातलं काहीच सांगितलेलं नाही, माझंही आणि तुझंही.

धाकटा


११ जून

ताई,

रागात एवढे दिवस लिहिलं नाही. राग अजून आहे, पण सांगायला दुसरं कुणी नाही.

खात्याचं उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवतो. "विद्यार्थी अर्जदाराच्या सांगण्यावरून वागतात हे अर्जदाराच्याच निवेदनावरून दिसते. सबब विद्यार्थ्यांच्या म्हणण्यावर विसंबता येत नाही. अर्ज निकाली." म्हणजे मुलांशी माझं नातं नाही म्हणून जागा गेली, आणि नातं आहे म्हणून अर्ज गेला. चूक काढायला जागा नाही, मी पुष्कळ वेळ शोधली.

मी सामानाच्या खोलीत परत आलो आहे. नव्या बाई रुजू झाल्या. स्वभावाने बऱ्या आहेत, घरून डबा आणत नाहीत, दुपारी बिस्किटं खातात. त्यांची नेमणूक अजून कच्ची आहे. सप्टेंबरात समिती पुन्हा येऊन त्यांचा वर्ग बघणार. समाधान झालं नाही तर यादीतलं पुढचं नाव, म्हणजे मी.

आता खरी गोष्ट. वर्ग त्यांच्याशी बोलत नाही. बाई विचारतात, मुलं फळ्याकडे बघतात. मी कुणालाही काही सांगितलेलं नाही, ताई, तुझी शपथ. चिमणी खडू न्यायला आली तेव्हा मी विचारलं, तर म्हणाली, "आम्ही त्यांना ओळख दाखवत नाही."

शिपाईमामा दारात उभे होते. ती गेल्यावर मला म्हणाले, "तू काही करू नकोस. नुसता चेंडू मोजत बस. सप्टेंबर काय आता आलाच."

मी चेंडू मोजतो आहे.

धाकटा


२ जुलै

बाळा,

शिपाईमामांचं ऐक. तू कुणाचं ताट ओढत नाहीस. तुझं होतं तेच फिरून येतंय. त्या बाईंपाशी प्रमाणपत्र आहे, त्या उद्या दुसऱ्या गावात परीक्षा देतील. तुला दुसरं दार नाही.

आपल्या घरातलं एक तरी माणूस वर्गात उभं राहू दे. मी मावशीला सगळं सांगेन, पण तुझं पक्कं झाल्यावर. एक वाईट बातमी एका चांगल्या बातमीबरोबर सांगता येते.

गप्प राहा. एवढंच कर.

ताई


२४ सप्टेंबर

ताई,

समिती येऊन गेली. नव्या बाई कायम झाल्या.

आदल्या दिवशी दुपारी त्या माझ्या खोलीत जगाचा नकाशा मागायला आल्या. नकाशा हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या पाठाच्या दिवशी ही मुलं किती बोलत होती, तुम्ही ऐकलं असेल. आता माझं काय चुकतंय?"

मी म्हटलं, "दोरी जरा कच्ची आहे, टांगताना सांभाळा."

त्या गेल्या. तुझं पत्र खिशात होतं. मी ठरवल्याप्रमाणे गप्प बसलो होतो आणि आणखी एकच दिवस बसायचं होतं.

मग मी व्हरांड्यातून फुटलेला चेंडू टाकायला मागे गेलो, ते वर्गावरूनच. खिडकीतून चिमणी दिसली. बाईंनी काहीतरी विचारलं होतं आणि तिने हात मांड्यांखाली दाबले होते. पण या वेळी तिचा चेहरा दाबून धरल्यासारखा नव्हता. सवय झाल्यासारखा होता. तिला उत्तर येत होतं की नाही हे मला ओळखू येईना. आजवर असं कधी झालं नव्हतं.

शाळा सुटल्यावर मी मुलांना मैदानात गाठलं. म्हटलं, "उद्यापासून बाईंनी विचारलं की हात वर करायचे."

घड्याळ्या म्हणाला, "मग तुम्ही परत येणार नाही. शिपाईमामांनी सांगितलंय."

"नाही येणार."

मग चिमणीने विचारलं, "हे खरंखरं सांगताय, की तसं दाखवायचंय?"

मी खरंखरं म्हटलं. तिचा विश्वास बसायला वेळ लागला. तो दोष माझा.

दुसऱ्या दिवशी मी खोलीचं दार लावून घेतलं होतं, तरी बाकं वाजलेली ऐकू आली. पहिल्यांदा थोडी, मग सगळी. शिपाईमामा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. मुलंही इकडे येत नाहीत. आता त्यांना काही विचारायचं असलं तर विचारायला माणूस आहे.

आईने काल विचारलं, जागेचं काय झालं? गेली म्हणून सांगितलं. ती म्हणाली, ताईला विचार, तिच्या शाळेत काही होतं का. तुझं मी तिला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. चांगल्या बातमीची वाट बघत बसू नकोस, इकडून ती येणार नाही. तू आपली सांगून टाक.

समितीच्या दिवशी जाताना ते चष्म्याचे गृहस्थ स्वतः नकाशा परत द्यायला आले. बाईंच्या हातात दुसरं सामान होतं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, पण चेहरा लक्षात राहिलेला नसावा. म्हणाले, "या वर्गाची मुलं चुणचुणीत आहेत हो. थोड्या दिवसांत बाईंनी चांगली तयार केली."

मी हो म्हटलं, नकाशा त्यांच्या हातातून घेतला आणि गुंडाळून जागेवर ठेवला.

धाकटा